अम्माखालच्या विटा

दर ईस्टरच्या पहाटे अडैकलम देवाला मेलेल्यांतून उठवायचा. ही थट्टा नव्हे. गावाने त्याला नेमून दिलेलं कामच होतं ते, आणि त्याच्या आधी त्याच्या बापाचं.

चर्चसमोर दगडी चौथरा, चौथऱ्याच्या पोटात खड्डा. त्या खड्ड्यात उकिडवं बसून तो दोर ओढायचा. कप्पी कुरकुरायची, फळी वर सरकायची, आणि फळीवरचा प्रभू हातात पांढरं निशाण घेऊन पडद्यामागे हळूहळू उभा राहायचा. मग पडदा, फटाके, घंटा, बायकांचं डोळे पुसणं. प्रभू वर आला की वरच्या गल्ल्यांतली तरणी पोरं त्याला पालखीत बसवून मिरवायची, आणि चिंचेच्या झाडापाशी पालखी वळवायची. चिंचेपलीकडे अडैकलमची गल्ली. तिथे प्रभू कधी आला नाही. पालखीच्या दांड्याला अडैकलमने हात लावायचा नाही, हेही ठरलेलं. खाली मात्र तोच पुतळा तो कवेत धरून फळीवर ठेवायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, तळहातांवरच्या जखमांना लाल रंग लावायचा. तेव्हा काही बाटत नव्हतं. खाली असेपर्यंत देव त्याचा, वर गेला की त्यांचा.

उरलेलं वर्षभर गाव त्या खड्ड्यात पान खाऊन थुंकायचं. पोरं मुतायची. उंदीर मरायचे, ते तिथेच. सणाच्या आधी तो घाण बादलीने उपसायचा, तरी वास राहायचाच, आणि घरी येऊन दोन दिवस जेवायचा नाही. "देवाचं काम आहे," चर्चच्या समितीचा प्रमुख ज्ञानप्रकाशम लांबून सांगायचा, नाकाला रुमाल लावून.

त्या वर्षी खड्डा उपसून, पुतळा फळीवर ठेवून झाला, आणि गुड फ्रायडेच्या दुपारी अडैकलमची आई गेली. सेबास्तियम्मा. आयुष्यभर लोकांच्या शेतात भाताची लावणी केलेली बाई. म्हातारपणी कमरेत अशी वाकली होती की बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायला तिला मान वर वळवावी लागे. तिने आपले पडलेले दात तपकिरीच्या डबीत जपून ठेवले होते.

"हे माझ्याबरोबर पुरा," ती सुनेला सांगायची.

"कशाला, अम्मा?"

"शेवटी हेच शरीर पुन्हा उठणार म्हणतात ना चर्चमधले सामी? मग उठल्यावर काय दुसऱ्याचे दात लावू? फणस खायचाय मला." आणि हसणं ओसरलं की म्हणायची, "कुठेही पुरा, पण त्या घाणीत नको रे. उठल्या उठल्या पदर धुवायची वेळ आणू नका."

घाण म्हणजे खालच्या गल्लीचं कबरस्तान. कबरस्तान एकच होतं, पण मधून विटांची भिंत गेली होती. पलीकडे उंचावर वरच्या गल्ल्यांचे सिमेंटचे क्रूस, झेंडूच्या माळा. अलीकडे उतार. वरच्या वस्तीचं गटार भिंतीच्या बुडातून झिरपत यायचं आणि यांच्या मेलेल्यांत मुरायचं.

शनिवारी सकाळी अडैकलम खणायला उतरला. बहिणीचा नवरा मुरुगेसन मदतीला आला होता. तो हिंदूच राहिलेला. कमरेएवढं खणलं नाही तोच तळातून काळं पाणी फुटलं. वर साबणाचा फेस, खाली वास. फावड्याला कोणाची तरी बरगडी लागली. तिला चिकटलेलं कापड अजून नीट कुजलंही नव्हतं. मुरुगेसन बाजूला जाऊन ओकला.

"आमचं बरं," तो तोंड पुसत म्हणाला. "जाळलं की मोकळे."

"आणि मग, दाजी?"

"मग पुन्हा जन्म."

"कुठे?"

मुरुगेसन थुंकला. "ह्याच गल्लीत. दुसरीकडे कोण घेतोय मला?"

दोघे हसले. मग अडैकलम पाय न धुता फादर अमलदासांकडे गेला.

"सामी, पलीकडे कोपऱ्यात कोरडी जागा आहे. एक बाई मावेल. माझी अम्मा एवढीशी आहे."

"मला समितीला विचारावं लागेल. सणाच्या तोंडावर हे नको, अडैकलम." फादर तरुण होते, बोलणं गोड होतं. "आणि पुनरुत्थान म्हणजे हे मांस पुन्हा उठणं नव्हे. ते शरीर तेजोमय असतं. तिथे चिखल नाही, भिंत नाही."

"मग प्रभूच्या हाताला भोकं का राहिली?"

"काय?"

"उठला तेव्हा. तेजोमय होता ना? मग जखमा बुजायला हव्या होत्या. त्याच्या शिष्याने, थोमाने, त्यात बोट घातलं म्हणता. मी दर वर्षी रंगवतो ती भोकं. मला तरी एवढंच कळतं सामी, की लोकांनी आपलं जे केलं ते अंगावर घेऊनच उठायचं असतं. माझी अम्मा गटार अंगावर घेऊन उठेल. मग कोणाचं गटार, म्हणून वर विचारलं तर काय सांगणार तुम्ही?"

"तू दमलायस. कॉफी घे."

कॉफी आली. त्याच्यासाठी पेला वेगळा काढला नव्हता, एवढं सामींचं पुढारलेपण. पेला तसाच ठेवून अडैकलम उठला, घरून पहार घेतली आणि थेट भिंतीला भिडला.

जुनी भिंत, मातीत लावलेली. विटा अख्ख्या निघत होत्या. मुरुगेसन आधी म्हणाला, "अरे, काय करतोस," आणि मग विटा वाहू लागला. पाणी उपसून त्यांनी तळाला विटांचे दोन थर दिले, बाजूंनी विटा उभ्या लावल्या. पाणी खालीच राहिलं. दुपारी अम्माला कोरड्यात ठेवलं, उशाशी तपकिरीची डबी. फादरांनी भिंतीतलं भगदाड पाहिलं, घाईघाईत प्रार्थना आटोपली आणि निघून गेले.

ऊन उतरायच्या आत समितीचे चौघे आले. भगदाडाच्या पलीकडे, आपल्या बाजूला उभे राहिले.

"भिंत कोणी फोडली?" ज्ञानप्रकाशमने विचारलं.

"मी."

"विटा कुठायत?"

"अम्माखाली."

चौघे एकमेकांकडे बघू लागले.

"काढ त्या. म्हातारीला वर घे, विटा काढ, भिंत लाव, मग पूर पुन्हा." खाट सरकवून खालचा केर काढायला सांगावं तसं ज्ञानप्रकाशम बोलला.

पानाच्या पिंका, उंदीर, ती बरगडी, सगळं अडैकलमने हातांनी उपसलं होतं. एवढी किळस कशाचीच आली नव्हती.

"प्रभूला तीन दिवस तरी दिले होते," तो म्हणाला. "हिला तुम्ही त्याच दिवशी उठवायला आलात."

"तोंड सांभाळ."

"मी नाही काढणार. तुम्ही काढा." त्याने फावडं भगदाडातून पुढे केलं. "या ना इकडे. एकाने खांदे धरा, एकाने पाय. हलकी आहे ती."

फावडं कोणी घेतलं नाही. एकजण आपल्या चपलांकडे बघत मागे सरकला.

"उद्या माणसं लावून काढतो," ज्ञानप्रकाशम म्हणाला.

"कोणती माणसं? आमच्याच गल्लीतली ना? विचारून बघा."

ज्ञानप्रकाशम वळला आणि जाता जाता, त्याच आवाजात म्हणाला, "पहाटे खड्ड्यात वेळेवर ये."

पहाटे अडैकलम खड्ड्यात नव्हता. फावडं मांडीवर घेऊन तो आईच्या मातीपाशी बसला होता. चर्चकडे फटाके फुटले, घंटा सुरू झाली आणि मध्येच थांबली. उजाडताना बायको लूर्दू कांजीचं भांडं घेऊन आली.

"पडदा उघडला," ती सांगू लागली, "तर नुसतं निशाणाचं टोक वर. सगळे बघतायत, टोक काही हलेना. ज्ञानप्रकाशमच्या थोरल्याने खाली एक पाय टाकला, वास आला, तसाच मागे फिरला. मग सामी म्हणाले, गाणं म्हणा."

"म्हटलं?"

"म्हटलं की. टोकाकडे बघून." ती पदरात हसली. मग म्हणाली, "बिचारा प्रभू. अजून खालीच आहे तो."

"राहू दे. तिथला वास त्यालाही कळू दे."

दिवस वर आला, तरी माणसं आली नाहीत. खालच्या गल्लीतला एकही जण फावडं उचलायला तयार नव्हता, आणि वरच्या गल्लीतल्या माणसाने अम्माला शिवणं शक्य नव्हतं. भिंत ते लावतील, नव्या विटा आणून लावतील. पण जी किळस बाळगून त्यांनी तिला जन्मभर दाराबाहेर उभं केलं, तीच आता तिची राखण करत होती. अडैकलमने फावडं खाली ठेवलं आणि कांजी तोंडाला लावली.

गल्लीतल्या दोन शेळ्या भगदाडातून पलीकडे गेल्या आणि सिमेंटच्या क्रुसांवरचे झेंडू खाऊ लागल्या. लूर्दू हाकलायला उठली.

"बस गं," तो म्हणाला.