सूनबाईची पेटी

मोताळ्याहून मलकापूरला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. ठाण्याच्या कारखान्यात फोरमन. अंगात टेरिलिनचा शर्ट, पण हात सारखा पायाशी ठेवलेल्या ज्वारीच्या पोत्यावर. माझ्या मुलालाही ठाण्यातच मोठ्या पगाराची नोकरी लागली होती. ते त्याला सांगून मी मुलाच्या सामानाची यादी तपासू लागले.

यादीत डोकावून तो म्हणाला, "सूनबाईची पेटी? काकू, तिले काऊन धाडता? पगार लय हाय, पन खोलीच्या पगडीचे पैशे कुठून द्यान? मी पाच वर्सं चौघांसंगं एका खोलीत राहून राह्यलो."

"आणि बायको?"

"मोताळ्यातच. या खेपेले पोरगी मले मामा म्हने!"

तो हसला. मला हसता आलं नाही. पेन्सिल पेटीवर थांबली. खोडायची भीती, ठेवायचीही. सूनबाईला तिसरा महिना होता.