दिल्लीने खेद व्यक्त केला, त्यानंतर

परवा फोनवर तू विचारलंस, शेजारच्या देशात विरोधी पक्षाच्या पुढाऱ्याला तुरुंगात टाकलं की आपलं सरकार चिंता व्यक्त करतं, म्हणजे नेमकं काय करतं? मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर मला नीट सांगता येत नाही, आणि मध्येच तुमच्यापैकी कोणाची तरी बस येते.

सरकार काय करतं ते मला ठाऊक नाही. पण त्या चिंतेच्या भरवशावर एका माणसाने वर्षं काढलेली मी पाहिली आहेत. ते सगळं क्रमाने लिहिते. तुम्ही दोघा नातवंडांनी वाचा.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच वर्षी मी लग्न होऊन खामगावला आले. माहेर जळगाव जामोदचं, बी.ए. नागपूरला इंग्रजी घेऊन केलेलं. सासरी त्या इंग्रजीचा उपयोग एकच होता. माझे सासरे, म्हणजे मामाजी, वकील होते आणि त्यांना मोतीबिंदू झाला होता. कोर्टाचे कागद त्यांचा कारकून वाचून दाखवी, मुंबईचा इंग्रजी पेपर मी. पेपर जलंबहून छोट्या गाडीने येई, तोही एक दिवस शिळा. आमच्याकडे आज घडलेलं असे ते बाकीच्यांकडे काल घडून गेलेलं असे.

घरासमोर रस्त्यापलीकडे कापसाच्या जिनिंग कारखान्याचं फाटक होतं. तिथला रखवालदार नेपाळचा. गाव त्याला गुरखाच म्हणायचं. नाव होतं त्याला, पण इथे मी कोणाचंच नाव लिहीत नाही. सकाळी पाळी संपली की तो आमच्या ओट्यावर चहा प्यायला येई. इतकी वर्षं खामगावात काढल्यामुळे त्याच्या हिंदीत वऱ्हाडी शिरली होती.

त्याचा धाकटा भाऊ गावी शाळामास्तर होता. गुरख्याच्याच कमाईवर शिकलेला, घरातला पहिला शिकलेला माणूस. तो एका पक्षाचं काम करी, आणि त्या देशात पहिल्यांदा निवडणूक झाली तेव्हा तोच पक्ष निवडून आला. गुरख्याने तेव्हा जिनिंगमध्ये पेढे वाटले होते म्हणे. माझ्या लग्नाच्या वर्षी, हिवाळ्यात, तिथल्या राजाने लष्कराकरवी ते सरकार मोडलं. निवडून आलेल्या पंतप्रधानाला तुरुंगात घातलं आणि पक्षाच्या माणसांची धरपकड केली. त्यात हा मास्तरही धरला गेला.

गुरख्याला राजकारण फारसं कळत नव्हतं. त्याचं मागणं एवढंच होतं, की म्हाताऱ्या आईच्या डोळ्यांसमोर धाकटा एकदा यावा. आई डोंगरातल्या त्यांच्या गावी एकटी होती.

"बाईसाब, दिल्ली काय म्हणते?" तो चहाची कपबशी हातात घेऊन विचारी.

आपल्या पंतप्रधानांनी लोकसभेत खेद व्यक्त केल्याची बातमी मी वाचून दाखवली.

"खेद म्हणजे?"

"वाईट वाटलं."

"कोणाले?"

"पंतप्रधानांना."

त्याने कपबशी खाली ठेवली. "मंग तं काम होईन," तो म्हणाला.

मामाजी गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष होते. त्या काळी आमच्याकडे जगात कुठेही काही झालं की वाचनालयात सभा भरे, ठराव होई आणि दिल्लीला तार जाई. आफ्रिकेवर ठराव झालेला मला आठवतो. मग हा तर शेजारचा देश, आणि तिथला तुरुंगातला माणूस म्हणजे समोरच्या फाटकावरच्या रखवालदाराचा भाऊ. रविवारी सभा भरली. बायकांमध्ये मी एकटीच होते, कारण तारेचा मजकूर इंग्रजीत मला लिहायचा होता. गुरखा खाकी कोट घालून दाराशी उभा राहिला. आत ये म्हटलं तरी आला नाही.

कापसाचा एक अडत्या होता, मामाजींचा शाळासोबती. प्रत्येक सभेत त्याचा एक तरी अडथळा असायचाच. तो म्हणाला, "तिकडच्या राजानं तिकडचा माणूस धरला, तं खामगावच्या वाचनालयाचं पोट काऊन दुखते, वकीलसाहेब?"

"तुझं पोट कापसाच्या भावाशिवाय कशानं दुखलं आहे का कधी?" मामाजी म्हणाले.

लोक हसले. अडत्याही हसला. "घ्या, माहाबी हात वर," तो म्हणाला.

ठराव एकमताने झाला. राजाचा निषेध, दिल्लीने अधिक ठाम बोलावं अशी विनंती, आणि सर्व कैद्यांना सोडावं अशी मागणी. महिन्याभराने दिल्लीहून उत्तर आलं. आपली तार मिळाली, तिची नोंद घेतली आहे, एवढाच छापील मजकूर. मामाजींनी त्याला चौकट करून वाचनालयात लावलं. गुरखा तिथे जाई तेव्हा चपला बाहेर काढून जाई. मी एकदा त्याला म्हटलं, यात तुझ्या भावाचं काही नाही. तो म्हणाला, "नोंद घेतली न, बाईसाब."

पेपरातली भाषा हळूहळू बदलत गेली. तेव्हा मला ते एवढं जाणवलं नव्हतं. आधी खेद होता. मग परिस्थितीवर लक्ष होतं. मग कुठे काहीच नसे, आणि एखाद्या दिवशी त्या देशात आपण बांधून देत असलेल्या रस्त्याची बातमी असे. गुरखा रोज विचारी आणि मी जे असेल ते वाचायची. नसेल तर आज काही नाही म्हणायची. "आज नाही," तो म्हणे, आणि फाटकाकडे जाई.

पुढे चीनचं युद्ध झालं. सगळं गाव ढवळून निघालं. आम्ही बायका लोकर आणून जवानांसाठी स्वेटर विणत होतो, शाळेच्या पटांगणात रोज सभा होत होत्या. गुरखा पलटणींच्या बातम्या येत, म्हणून त्या दिवसांत आमच्या गुरख्याला फार मान आला. रस्त्याने जाताना पोरं त्याला सलाम ठोकत. युद्ध थांबलं, थंडी सरली, आणि एका सकाळी त्याने मामाजींना विचारलं, "वकीलसाब, अजून एक तार पाठवाल का?"

अडत्या त्या वेळी ओट्यावरच बसला होता. मामाजींनी गुरख्याला आधी जवळ बसवलं. मग म्हणाले, "आता वेळ वेगळी आहे. चीन डोंगरापलीकडे बसला आहे. तुमच्या राजाला आपण दुखावलं तर तो तिकडे झुकेल. दिल्लीसुद्धा म्हणूनच गप्प आहे."

"राजाले नका दुखवू, साब. माह्या भावाले सोडा, एवढंच लिहा."

"अरे बाप्पा," अडत्या म्हणाला, "ते दोन्ही एकच होते."

"भाऊ तं तोच आहे न, साब," गुरखा म्हणाला. "युद्धाच्या आधी होता तोच."

मामाजी कठोर नव्हते. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत. पण ठराव झाला नाही, आणि पुढे गुरख्याने तो मागितलाही नाही. त्याच वर्षी नेपाळचे राजे दिल्लीला आले. त्यांच्या स्वागताची बातमी फोटोसह पहिल्या पानावर होती. ती मी वाचून दाखवली. गुरख्याने फोटो पाहायला मागितला. राजाच्या गळ्यात हार होता. "चांगले दिसतात," तो म्हणाला.

त्यानंतर वर्षाच्या आतच, कापसाच्या हंगामात, तो एका माणसाला घेऊन ओट्यावर आला. अंगावर गुरख्याचाच कोट होता आणि तो त्याला फार मोठा होत होता. पुढचे दोन दात नव्हते. "बाईसाब," गुरखा म्हणाला, "आला." मी आत जाऊन साखर आणली.

मामाजींना इतका आनंद झाला की त्यांनी त्याच आठवड्यात वाचनालयात सत्कार ठरवला. शाल, नारळ, हार. भाषणात ते म्हणाले की राजसत्तेपुढे न वाकलेला माणूस आज आपल्यात बसला आहे. मास्तर मान खाली घालून बसले होते. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी शाल काढून नीट घडी केली आणि खुर्चीवर ठेवली.

"मैं झुका हूँ, साहब," ते म्हणाले. "इसीलिए यहाँ हूँ."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. माझी चूक झाली, राजाची व्यवस्था योग्य आहे, यापुढे राजकारण करणार नाही, असं त्यांनी लिहून दिलं होतं. लिहून देणाऱ्यांना सोडत होते. ज्यांनी दिलं नाही ते आतच होते, आणि ही शाल खरं तर त्यांची होती.

मामाजींच्या हातात हार तसाच होता. शेवटी अडत्या उठला आणि मास्तरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "जिवंत आले न तुम्ही. मले तेवढं पुरे आहे. चला, भजे थंडे होऊन राह्यले." गुरखा दाराशी उभा होता. तो भावाकडे पाहत होता, आणि त्याच्या तोंडावर आनंदच होता. बाकीचं त्याला ऐकूच आलं नसावं.

त्याला वाटलं होतं, चार दिवस आराम करून भाऊ गावी जाईल आणि आई त्याला पाहील. चार दिवसांचे महिने झाले. मास्तर जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी मोजण्याच्या कामाला लागले, फाटकाशेजारच्या खोलीत भावाजवळ राहू लागले. सकाळी ओट्यावर बसून पेपर ते स्वतःच वाचत. तुमच्या आईला त्यांनीच पाढे शिकवले.

एकदा दुपारी मी तुरीच्या शेंगा सोलत बसले होते, तेव्हा तेही सोलू लागले. मी विचारलं, गावी का जात नाही? ते म्हणाले, "माझ्या शाळेतले दोघं माझ्याबरोबर पकडले होते. ते आत आहेत. त्यांच्या आया आणि माझी आई एकाच पाणवठ्यावर येतात. मी घरी गेलो, तर माझ्या आईला रोज त्यांच्यासमोर घागर भरावी लागेल."

थोड्या वेळाने ते आपणहून बोलले. "तुमची तार आम्हाला आत कळली होती. भाऊ कोणाकडून तरी चिठ्ठी लिहून घ्यायचा. चिठ्ठी अर्धी काळी करून द्यायचे, पण दिल्ली हा शब्द राहायचा. आम्ही तो एकमेकांना दाखवायचो. दिल्ली बोलली आहे, पुन्हा बोलेल, म्हणून सह्या करायच्या नाहीत असं ठरलं होतं. मग एक दिवस पेपर आत आला. आमच्या राजाच्या गळ्यात दिल्लीचा हार. तो फोटो सगळ्यांनी पाहिला. बाकीच्यांनी घडी करून परत दिला. मी त्याच संध्याकाळी जेलरकडे कागद मागितला."

तोच फोटो मी त्यांच्या भावाच्या हातात दिला होता.

बऱ्याच वर्षांनी तिथला तुरुंगातला तो पंतप्रधानही सुटला. मामाजी तेव्हा हयात नव्हते. गुरखा पेढे घेऊन आला. "आता तं चल," तो भावाला म्हणाला. "आता सगळेच सुटून राह्यले."

मास्तरांनी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. "यांनी लिहून दिलं असं कुठे दिसत नाही," ते मला म्हणाले.

"पेपरवाले सगळंच छापत नाहीत," मी म्हटलं.

"लिहून दिलं असतं तर छापलं असतं, बाईसाब." मग भावाकडे वळून म्हणाले, "शाळेतले ते दोघंही आता गावी येतील. रस्त्यात भेटतील. मला नाही जमायचं."

गुरखा त्यावर चिडलेला मी पहिल्यांदा पाहिला. "ती म्हातारी काही पक्षात नाही," तो म्हणाला. "तिले तू पाहिजे. लिहून दिलेला असू दे, नाही तं न दिलेला." मास्तर गेले नाहीत. दोन उन्हाळे असेच गेले. मग गुरख्याचे गुडघे गेले, आणि जिनिंगच्या मालकाने त्याला मानाने निरोप दिला. त्याच्या जागेवर कोण, असा प्रश्न आला तेव्हा मास्तरांनी मोजणीचं काम सोडलं आणि फाटकाची काठी मागून घेतली.

स्टेशनवर आम्ही तिघंच होतो. गुरख्याची पत्र्याची पेटी मास्तरांनी डब्यात चढवली.

"आईले काय सांगू?"

"सांग, नोकरी सोडता येत नाही."

"तिले खोटं समजते."

"तर काही सांगू नको."

गुरख्याने खिडकीतून हात बाहेर काढून भावाच्या खांद्यावर ठेवला. गाडी हलली तरी तो काढेना, म्हणून मास्तर थोडं अंतर गाडीबरोबर चालत गेले.

पुढच्या हिवाळ्यात गुरख्याचं एक कार्ड आलं, हिंदीत, दुसऱ्या कोणाकडून लिहून घेतलेलं. पत्ता माझा होता. आई गेली. मास्तरांना वाचता येत होतं, पण असलं कार्ड त्याला एकट्या माणसाच्या हातात पडू द्यायचं नव्हतं. तोंडाने सांगा, अशी शेवटी विनंती होती.

मी पदर डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडला. भर दुपार होती आणि कापसाच्या गाड्यांची रांग पार चौकापर्यंत गेली होती. मास्तर फाटकाचा आडवा बांबू वर-खाली करत होते. मी त्यांना बाजूला बोलवलं नाही. तिथेच, हळू आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "जी," म्हणाले, आणि बांबूची दोरी हातात धरून उभे राहिले.

पुढचा गाडीवान ओरडला, "अरे, सोड न बे गाडी."

मी त्याच्याजवळ जाऊन काय झालं ते सांगितलं. तो खाली उतरला आणि बैलांच्या तोंडाशी उभा राहिला. मागच्या गाड्यांना कोणीतरी निरोप पोचवला असावा, कारण पुन्हा कोणी ओरडलं नाही. मीही तिथेच थांबले. बऱ्याच वेळाने मास्तरांनी दोरी ओढली, बांबू वर गेला, आणि त्यांनी हाताने गाडीला आत जायची खूण केली.