प्रभावतीची अट

बाभुळगावच्या बळीरामचं पोट विमानावर होतं. टपालाची पोती मोठ्या डाकोटा विमानात भरून रात्रभर उडायचं आणि सकाळी घरी यायचं, ते असं तोंड घेऊन, जणू पोती यानंच पाठीवर वाहिली. बायको प्रभावती म्हणायची, तहसीलीतला कारकूनही याच्यापेक्षा खुशीत घरी येतो. वैमानिकाची बायको असून तिनं विमानात पाय ठेवला नव्हता. पोत्यांच्या विमानात बायकोला कोण बसवतो!

एकोणीसशे त्रेसष्टच्या हिवाळ्यात बळीरामला हुक्की आली. ज्या दोन माणसांच्या चिमुकल्या विमानावर तो तरुणपणी शिकला होता, तसलं एक फ्लाइंग क्लबकडून घेऊन तो सुट्टीत पुन्हा उडू लागला. पगार नाही, पोती नाहीत, नुसती मौज. आता बायकोला वरून गाव दाखवायचंच, हा त्याचा एकच ध्यास.

"आधी तुमी उतरता कसे थे पाहीन," प्रभावतीनं अट घातली. "नीट उतरले तं बसीन. नाही तं तुमी अन् तुमचं इमान."

यवतमाळबाहेरच्या माळावर उतरायची रीतसर परवानगी निघाली. प्रभावतीचा भाऊ भगवानराव, त्याच्या पोटात काय राहणार? त्यानं अर्धं गाव गोळा केलं.

विमान मोठ्या ऐटीत आलं. पण इतकी वर्षं डाकोटाच्या उंच खुर्चीत काढलेला हा माणूस, जमिनीचा अंदाज त्याला तिथूनच. इथं तर बूड जमिनीला टेकायच्या बेतात! चाकं आता टेकतीलच असं समजून सवयीनं त्यानं दोन पुरुष उंचीवरच विमानाचं नाक उचललं. विमान धपकन आपटलं, उसळलं, पुन्हा आपटलं आणि बेडकासारखं उड्या मारत थांबलं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"जवाईबापू, डाकेची पोती बी असीच आपटता काय?" भगवानराव ओरडला. माळभर हशा पिकला.

प्रभावती तरातरा विमानाजवळ गेली. आत बळीराम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता.

"चूक समजली मले," तो म्हणाला. "डाकोटात बसल्यावानी जमीन मापली मी, अन् थे राह्यली लय खाली! पन अट मोडली. आता कायची बसतं तू?"

"लगन झाल्यापासून पाहून राह्यली मी," ती म्हणाली. "डाकोटा नीट उतरवता अन् घरी मुक्यावानी बसता. आज आपटले, अन् हासून राह्यले. मी याच इमानात बसीन."

तिनं पदर खोचला आणि आत चढली. बळीरामनं तिचा पट्टा आवळला.

"अन् पुन्हा आपटलं तं?"

"तं दोघं बी हासू."