झाड नाताळचं, तंटा आमचा

काही घरांत जुनी भांडी साठतात, काही घरांत औषधाच्या बाटल्या. आमच्या घरात डिसेंबर आला की किस्से साठतात, आणि तेही सगळे एका झाडाभोवती. प्रत्येक किश्शात मूर्ख ठरणारा माणूस एकच. मी! म्हणून दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मीच सांगून टाकतो.

मी बोटीवर फिटर होतो. तीस वर्षं. त्यातले निम्मे नाताळ पाण्यावरच गेले. बोटीच्या मेसरूममध्ये झाड उभं राहायचं. कोण फिलिपिनो, कोण रशियन, आम्ही दोघंतिघं कोकणातले, सगळे मिळून ते सजवायचो. घरची आठवण यायची ती नेमकी तेव्हा. म्हणून नोकरी सोडून रत्नागिरीला कायमचा आलो तेव्हा ठरवलं, आता हे झाड घरच्यांबरोबर सजवायचं. घरचे म्हणजे आई, बायको सुनंदा आणि मुलगी मुग्धा. मुग्धा लोट्याला केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये आहे, शनिवारी एस.टी.नं घरी येते.

फक्त ठरवलेलं घरच्यांना सांगायचं राहून गेलं!

*

पहिल्या वर्षी मी जाहीर केलं, "झाड खरं पाहिजे. सुरूचं!"

मुग्धा म्हणाली, "बाबा, ऑनलाइन मागवूया. घडी करून ठेवता येतं."

सुनंदा म्हणाली, "मुळात कशाला?"

आई म्हणाली, "झाडं बाहेर आहेत ती काय कमी पडली? घरात कुठे लावतोस?"

तिघींचं ऐकून घेतलं आणि मित्राच्या कंपाउंडमधलं एक सुरूचं झाड तोडून टेम्पोत घालून आणलं. माप? माप डोळ्यानं घेतलं होतं. फिटरच्या डोळ्याला टेप लागत नाही!

झाड दारातून आलं ते आडवं. उभं करायला गेलो तर शेंडा छताला टेकला, वळला आणि पंख्याच्या पात्यात अडकला. मी खाली खोड धरून उभा, वरून पानांच्या सुया गळतायत.

शेवटी आईनं विचारलं, "दिल्या, तीस वर्षं ती बोट तरंगली कशी रे?"

*

झाड दोन फूट कापून उभं केलं. पण सुरू वाळला की त्याच्या सुया घरभर होतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे सुनंदानं सांगितलं होतं, पण ते मी ऐकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी जेवायला बसलो. पहिल्या घासालाच टाळूला काहीतरी टोचलं. मी जाणकारासारखा म्हणालो, "आज मासळीवाल्या मावशीनं फसवलंन तुला. सुरमईत एवढे बारीक काटे नसतात!"

सुनंदानं माझ्या ताटात वाकून बघितलं. चिमटीत ती हिरवी काडी धरली आणि शांतपणे म्हणाली, "मावशी सुरमईच देते हो. हा काटा तुमच्या मित्राच्या कंपाउंडातला आहे."

त्या दिवशी दुपारीच झाड परसात गेलं.

*

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो. ऑनलाइन मागवायचं कबूल केलं, पण ऑर्डर मीच देणार! मुग्धा म्हणत होती, "बाबा, मी बघते." मी म्हटलं, "बाय, मापातलं तुला काय कळतं?" छताची उंची घेतली, पंख्याची घेतली, शेंड्यावरचा तारा वजा केला, आणि साठ इंच हे माप काढलं. साठचं झाड शोधलं. दाबलं बटण.

खोका आला तो चपलांच्या खोक्याएवढा. साठ होते ते सेंटिमीटर होते!

झाड टीपॉयवर ठेवलं. आई चष्मा लावून बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"पिल्लू बरं आहे," ती म्हणाली. "आई मागाहून येतेय काय रे ह्याची?"

*

त्याच पिल्लावर दिवे लावायचे होते. मुग्धाला सगळं पांढरं आणि सोनेरी हवं होतं, त्याला म्हणे थीम म्हणतात. सुनंदाचं म्हणणं, माळ्यावर गणपतीच्या मखराच्या इतक्या माळा पडल्यात, नवीन काही आणायचं नाही. मी सुनंदाची बाजू घेतली. मागचं सुरमईचं प्रकरण मिटवायचं होतं ना! माळ्यावर चढलो, हाताला लागली ती माळ काढली, झाडाला गुंडाळली आणि बटण दाबलं.

दिवे लागले. त्याबरोबर माळेतून आरतीचा सूरही सुरू झाला!

सुनंदाचे हात आपोआप टाळ्या वाजवायला लागले. मुग्धानं डोकं धरलं. आणि आई देवघरातून धावत बाहेर आली. "बंद कर ते मेल्या! नैवेद्याला काहीसुद्धा केलेलं नाही!"

*

तिसऱ्या वर्षी मुग्धानं स्वतः नीट पाच फुटी झाड आणलं. नेमकं तेव्हा मला एका लग्नाला दोन दिवस अलोऱ्याला जावं लागलं. जाताना तिघींना बजावून गेलो, "मी आल्याशिवाय भांडू नका!"

परत येऊन बघतो तर झाड तयार. पांढरं, सोनेरी, मध्ये आईनं गुंफलेली अबोलीची वेणी. खरंच सुंदर दिसत होतं. मला कुठेतरी लागलं. इतकी वर्षं ह्यांच्याशिवाय झाड सजवत होतो तेव्हा ह्यांची आठवण यायची, आणि ह्यांनी माझ्याशिवाय तासाभरात उरकलं!

तरी मोठ्या मनानं विचारलं, "अजिबात भांडण झालं नाही?"

सुनंदा म्हणाली, "कोणाशी करणार? तुम्ही अलोऱ्याला होतात."

*

गेल्या वर्षी मात्र खरंच वाईट झालं. मी आठ दिवस खपून पितळी पत्र्याचा तारा बनवला होता. कानशीनं घासून, पॉलिश करून. शेंड्यावर लावला तर झाड एका बाजूला कललं. शनिवारी मुग्धा आली, तिनं तो गुपचूप काढून कागदाचा लावला. रविवारी सकाळी मला दिसलं. मी नको ते बोललो. "मी घरी आलोय तेच तुम्हांला नकोय," इथपर्यंत बोललो. सुनंदानं बोलणं बंद केलं. तिन्हीसांजेला मुग्धा बॅग भरून लोट्याला निघाली.

तेवढ्यात आई बाहेर आली. हातात नारळ. तिनं झाडापुढे समई लावली, पदर खांद्यावरून घेतला आणि चक्क देवळात देवाला घालतात तसं गाऱ्हाणं घालायला उभी राहिली.

"बा महाराजा! तू कुठला, कोणाचा, आम्हांस ठाऊक नाही. पण आमच्या घरात आलास, आता आमचाच!"

"होय महाराजा!" खांद्यावर बॅग तशीच ठेवून मुग्धा सवयीनं म्हणाली.

"ह्या पोरीचा राग वायच कमी कर महाराजा!"

"होय महाराजा!" मी मोठ्यानं म्हणालो.

"माझ्या सुनेची वाचा गेलीय, ती परत दे महाराजा!"

"होय महाराजा!" मी आणि मुग्धा एकदम.

"आणि हा माझा लेक. तीस वर्षं रोज सांगत होते, ह्याला सुखरूप घरी आण. देवानं आणलान. तीन वर्षं घरात ठेवून बघितला. आता एखादी बरीशी बोट बघ आणि ह्याला परत धाड महाराजा!"

सकाळपासून गप्प असलेली सुनंदा स्वयंपाकघरातून ओरडली, "होय महाराजा!"