समासातलं नाव

विद्यार्थी संशोधकांच्या त्या नियतकालिकाचं सगळं काम एका अरुंद खोलीत चाले. तिथल्या एकुलत्या डगमगत्या खुर्चीवर बसून संपादकीणबाई इतिहासापासून समाजशास्त्रापर्यंतचे लेख तपासायला पाठवीत. बाई कसली, पीएच.डी.च्या चौथ्या वर्षाला असलेली मुलगीच ती. शिंपीकाम करणारे तिचे वडील म्हणत, "मी लोकांचे कपडे उसवतो, तू लोकांचे लेख. स्वतःचा प्रबंध कधी शिवणार?"

तिच्या कामातली नाजूक गोष्ट म्हणजे नावं झाकणं. लेख कोणाचा हे तपासनिसाला कळू द्यायचं नाही, आणि तपासनीस कोण हे लेखकाला. दोन वर्षांत तिच्या हातून एकही नाव निसटलं नव्हतं.

त्या दुपारी तिनं एका लेखाचा अभिप्राय लेखकाला ईमेलनं पाठवला. लेखक शाळेत शिकवून पीएच.डी. करणारे, सगळे त्यांना मास्तर म्हणत. साडेतीनला विभागातला कारकून पुढच्या महिन्यात प्रबंध सादर करणाऱ्यांची यादी ठेवून गेला. मास्तरांच्या नावापुढे मार्गदर्शकाचं नाव वाचलं आणि ती खुर्चीतून उठलीच. मास्तरांच्या लेखाचे तपासनीसही तेच सर होते! मास्तरांनी लेखासोबतच्या अर्जातला मार्गदर्शकाचा रकाना कोरा सोडला होता, आणि तिनंही विचारायचा आळस केला होता.

तिनं पाठवलेली फाइल उघडली. अभिप्रायाखालचं नाव तिनं काढलं होतं. पण लेखाच्या समासात सरांचे बावीस शेरे होते, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर संगणकानं आपणहून त्यांचं नाव घातलं होतं. त्यातला एक शेरा असा: "या लेखकाला जुनी कागदपत्रं वाचायची शिस्त कोणी लावलेली दिसत नाही."

सहा वर्षं ज्यांच्या हाताखाली काढली, त्यांचं नाव या वाक्यावर पाहून मास्तर प्रबंध तरी पुरा करतील का?

तिनं मास्तरांना फोन लावला. बंद. शाळा सुटेपर्यंत तो कपाटात असे, आणि शाळा साडेचारला सुटे. नावं पुसून तिनं फाइल पुन्हा पाठवली आणि धावत बस पकडली. प्रत्येक थांब्यावर तिचा जीव टांगणीला लागत होता.

ती शिक्षकांच्या खोलीत शिरली तेव्हा फोन मास्तरांच्या हातात होता.

"मास्तर, थांबा! पहिला ईमेल उघडू नका."

"का? बॉम्ब आहे का त्यात?"

"माझी चूक झालीय. तपासनिसाचं नाव राहिलंय. न बघता काढून टाका. दुसरा पाठवलाय, शब्द तेच आहेत."

मास्तरांचा अंगठा पडद्यावर अधांतरीच राहिला. "सात महिने वाट पाहिली, संपादकीणबाई. ओळखीचं आहे का कोणी?"

"आधी काढून टाका," ती म्हणाली. तिचा घामेजलेला चेहरा मास्तरांनी क्षणभर पाहिला, आणि तिच्यासमोर तो ईमेल काढून टाकला. मग दुसरा उघडून वाचता वाचता लाल झाले.

"शिस्त लावलेली दिसत नाही म्हणे! कोण हा शहाणा?" पण तिसऱ्या पानाशी ते थबकले. "तारीख मात्र चुकलीय खरी. आता सरांनाच दाखवतो. प्रबंध सोडून भलतं लिहू नकोस अशी तंबी होती, म्हणून हा लेख त्यांच्यापासून लपवला होता. पण शिस्त लावली की नाही, हे त्यांनीच सांगावं!"

नको म्हणावं, तर का, ते सांगावं लागलं असतं. आणि आपला अभिप्राय कोणाला दाखवावा, हा मास्तरांचा प्रश्न होता.

"दाखवा," ती म्हणाली. "पण घोटाळा माझ्याकडून झाला, म्हणून लेख आणखी एका तपासनिसाकडे जाईल. संपादक समितीला मी आजच कळवते."

"म्हणजे आणखी सात महिने?"

"तीन आठवडे. मी मागे लागते त्यांच्या."

"लागा," मास्तर म्हणाले, आणि पेन काढून तिसरं पान दुरुस्त करायला बसले.