फुगवट्यातलं उलटं पाणी

किर्ती कॉलेजात होती तेव्हा कुणी विचारलं तर वरळीला राहते म्हणायची. कोळीवाडा हा शब्द ती गिळून टाकायची. बाप हरेश्वर होडी घेऊन समुद्रात जायचा, आई दमयंती भायखळ्याच्या मंडईत मासळी विकायला बसायची, आणि या दोघांच्या कष्टावर मुलगी इंजिनियर झाली. पुढे जलशास्त्रात एमटेक केलं आणि डिलाईल रोडला, जुन्या गिरणीच्या आवारातल्या एका कंपनीत लागली. तिथेही दोन वर्षांत आईबाप काय करतात हे कुणाला कळलं नव्हतं.

तिचं काम होतं धरणाच्या आतल्या पाण्याचं. धरणात पाणी साठतं हे शाळेतलं पोरही सांगेल, पण ते आत कसं फिरतं ते फारसं कुणी बघत नाही. वीजघरासाठी पाणी सोडलं की सगळा जलाशय भिंतीकडे ओढला जातो आणि बाजूचे ओढे त्यात उतरू लागतात. पाणी सोडणं एकदम थांबवलं, की धावत आलेलं पाणी भिंतीपाशी अडतं, चढतं आणि मागे फिरून ओढ्यांच्या तोंडात शिरतं. थोडा वेळ ओढा चक्क डोंगराकडे वाहतो. शहापूरच्या पुढे एका धरणाच्या फुगवट्यात, भिंतीमागे पसरलेल्या पाण्यात, अशाच एका ओढ्याकाठी वाडी होती. वाडीच्या नळाला हिरवं, उग्र वासाचं पाणी येत होतं. ते जलाशयातून उलटं येतं की वरून, डोंगराकडून, हे किर्तीच्या गटाला मोजून सांगायचं होतं.

मोजणीच्या आदल्या आठवड्यात नेहमीच्या होडीवाल्याला डेंग्यू झाला. दुसरी होडी मिळेना. किर्ती घरी फोनवर बोलत होती ते हरेश्वरने ऐकलं.

"मी येतंव ना," तो म्हणाला. "ल्हान होडी टेम्पोत घालू. तुझा काम तरी बघीन एकदा."

त्याला नाही म्हणायला तिला कारण सुचलं नाही.

धरणावर पोचल्यावर गाडीतून सुमती मॅडम उतरल्या. किर्तीच्या वरिष्ठ, मूळच्या गिरगावच्या, मोजकं बोलणाऱ्या. मागोमाग गटातला सिद्धार्थ, दादरचा, किर्तीच्याच वयाचा. हरेश्वर नवा शर्ट घालून टेम्पोपाशी हसत उभा होता. मॅडमनी विचारलं, "हे कोण?"

"होडीवाले," किर्ती म्हणाली. "ओळखीचे आहेत आमच्या."

हरेश्वरचं हसू क्षणभर तसंच चेहऱ्यावर राहिलं. मग त्याने मॅडमना नमस्कार केला आणि किर्तीकडे वळून विचारलं, "होडी कुठं लावू, मॅडम?"

त्यानंतर ती त्याच्याशी बोलूच शकली नाही. जे सांगायचं ते सिद्धार्थला सांगायची आणि सिद्धार्थ त्याला सांगायचा. चौघं होडीतून निघाले. ओढ्याच्या तोंडाशी हरेश्वरने नांगर टाकला, सिद्धार्थने प्रवाह मोजायचं यंत्र केबलला बांधून खाली सोडलं. पाणी भिंतीकडे संथ जात होतं. पाण्याकडे बघत हरेश्वर स्वतःशीच म्हणाला, "ओहोटी हाय." सिद्धार्थ हसला. "काका, धरणात कसली ओहोटी?" किर्तीही हसली. हसायला नको होतं हे तिला हसतानाच कळत होतं.

वीजघर बाराला बंद होणार हा निरोप तिच्या फोनवर आला होता. पाणी फिरलं की होडी फिरणार, म्हणून नांगर कसा ठेवायचा ते होडी चालवणाऱ्याला आधी सांगायचं असतं. दर वेळी तीच सांगायची. आज तिने फोन खिशात ठेवून दिला. सांगू थोड्या वेळाने, असं तिने मनाला समजावलं, आणि मग सांगितलंच नाही.

समुद्रात भरती-ओहोटीच्या मध्ये पाणी जरा थांबतं, माणसाला सावरायला वेळ देतं. इथलं पाणी कुणीतरी कळ दाबली म्हणून फिरलं. होडी आडवी झाली, नांगराचा दोर केबलवर चढला. हरेश्वरने होडी सरळ करायला इंजिन सुरू केलं आणि त्याच्या पंख्यात सापडून केबल तुटली. यंत्र तळाशी गेलं, त्यातली सकाळपासूनची मोजणीही गेली.

"अहो, बघायचं ना!" सिद्धार्थ ओरडला.

हरेश्वरने तुटलेलं टोक हातात घेतलं, किर्तीकडे पाहिलं, शर्ट काढून फळीवर ठेवला आणि पाण्यात उडी मारली.

वरचं पाणी कोमट होतं, पण खाली गार आणि गढूळ. तो वर आला, श्वास घेतला, पुन्हा गेला. साठीला आलेला माणूस. "काका, राहू द्या," सिद्धार्थ म्हणाला. "वर या," सुमती मॅडम म्हणाल्या. किर्ती होडीची कड घट्ट धरून बसली होती. बाबा, वर ये, एवढंच म्हणायचं होतं. तिच्या तोंडून काही निघालं नाही. तो पुन्हा एकदा खाली गेला. शेवटी वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. "सापडत नाय, मॅडम," तो म्हणाला. सुमती मॅडमनी आपल्या पिशवीतला पंचा त्याच्या खांद्यावर घातला.

घरी आल्यावर त्याला ताप भरला. दमयंती किर्तीला कौतुकाने म्हणाली, "सांगत होता, पोरीला सगली विचारून काम करतान. मोठी साहेब झाली म्हने." किर्तीला जेवण गेलं नाही.

ताप उतरला, तरी हरेश्वर होडीवर गेला नाही. धाकट्या मुलाला, दीपेशला म्हणाला, आता तूच ने. दिवसभर ओट्यावर बसून राहायचा. किर्तीने आईला विचारलं तेव्हा दमयंती म्हणाली, "हात गेला म्हनतो माझा. पानी समजेना झाला. पोरीच्या समोर नाक कापला म्हनतो."

दुसऱ्या दिवशी किर्ती सुमती मॅडमच्या केबिनमध्ये गेली. उभ्याउभ्याच सांगितलं. होडीवाले माझे वडील. आणि बंद व्हायची वेळ मला ठाऊक होती, मी त्यांना सांगितली नाही, कारण त्यांच्याशी बोलायला लागलं असतं.

मॅडमनी चष्मा काढला. "वडील आहेत ते मला होडीतच कळलं होतं. ते खाली गेले की तू श्वास धरून बसत होतीस. ते मी कुणाला बोलले नाही, बोलणारही नाही. वेळेचं मात्र मला आत्ता कळतंय. सिद्धार्थ अजून त्यांनाच दोष देतो. त्याला तू सांग."

तिने सांगितलं. सिद्धार्थ म्हणाला, "मी त्यांच्यावर ओरडलो गं." यापेक्षा त्याने तिला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

घरचं सगळ्यात कठीण होतं. हरेश्वर ओट्यावर जाळं विणत होता. ती त्याच्याजवळ बसली आणि सगळं बोलून गेली. ओळख दिली नाही त्याबद्दल तो हात हलवून म्हणाला, "ता जाऊंदे. ता मना समजला होता." पण वेळेचं ऐकून त्याचे हात थांबले.

"पानी फिरनार हाय, तुला ठाव होता?"

"हो."

"आनि मी बुडी मारीत होतो तवा पन?"

तिने होकारार्थी मान हलवली. त्याने जाळं बाजूला ठेवलं. रागावला नाही. कुणी पडलेल्या माणसाकडे बघावं तसं तिच्याकडे बघत राहिला. त्या नजरेपुढे तिला डोळे वर करता येईनात.

जाळं पुन्हा मांडीवर ओढत त्याने विचारलं, "कसा फिरला पन? वारा नव्हता, भरती नाय."

मग ती सांगू लागली. वीजघर बंद झाल्यावर भिंतीशी अडलेलं पाणी, वर चढलेली पातळी, मागे ओढ्यात शिरलेली धार. वर ऊन खाल्लेलं हलकं पाणी, खाली गार जड पाणी, आणि दोन्ही एकाच वेळी वेगळ्या दिशांना जातात ते. तो मध्येमध्ये विचारत होता, ती उत्तर देत होती. आपलं काम तिने त्याला आजवर कधीच सांगितलं नव्हतं.

"म्हंजे माझा हात चुकला नव्हता," तो म्हणाला.

"नाही, बाबा."

तो उठून आत गेला. चार दिवसांनी पहाटे तो दीपेशबरोबर होडीवर गेला, असं तिला आईकडून कळलं. किर्तीशी बोलणं सुरू झालं, पण कामापुरतं, जरा जपून. दिवाळीनंतर ओढ्याची मोजणी पुन्हा ठरली तेव्हा तिने त्याला विचारलं, येशील का?

"तुमचा डेंग्यूवाला बरा झाला ना?" तो म्हणाला. "त्यालाच ने."

ती होडीवाल्याला फोन करायला बाहेर आली. ओट्यावर आईची मासळीची पाटी धुऊन पालथी घातली होती. तिच्याशेजारी उभं राहून किर्तीने नंबर लावला. पलीकडून होडीवाल्याने विचारलं, मागल्या खेपेला कोण आलं होतं होडीवर?

"माझे वडील," ती म्हणाली. आवाज हवा तेवढा मोठा निघाला नाही.