लाल खुर्चीतले दामलेकाका

शपथेवर सांगतो, पुढचं अक्षरन् अक्षर खरं आहे. म्हणजे थोडं इकडेतिकडे असेल. आमच्या अंबरनाथच्या वाचनकट्ट्यावर किस्से इतके साचलेत, की कुठला घडला आणि कुठला मी घडवला, हे माझं मलाच आठवत नाही.

यंदा एक जुनी कादंबरी घेतली होती. नायिका चौदा वर्षांची. झाडावर चढते, भटजींशी वाद घालते, भावाचं धोतर नेसून जत्रेला जाते, लग्नाला तोंडावर नाही म्हणते. आमच्याकडे पद्धत अशी, की ज्याने पात्राचा अभ्यास केला त्याने सोसायटी हॉलमधल्या लाल खुर्चीत बसायचं आणि पात्र होऊन उत्तरं द्यायची. नियम एकच: खुर्चीतलं उत्तर मागे घ्यायचं नाही.

*

पहिल्या रविवारी खुर्चीत लता भाभी. कॅम्प चारच्या सिंधी बाजारात त्यांचं ड्रेस मटेरियलचं दुकान. कोणीतरी विचारलं, "परकर सावरत झाडावर कशी गं चढतेस?"

"बोलने का नहीं, दिखाने का," म्हणत भाभी मागच्या पेरूवर चढल्या. उतरता येईना. वॉचमन शिडी आणायला धावला, तेव्हा वरून आवाज आला, "उतरायचं पुस्तकात लिहिलंच नाही, साईं!"

*

वांगणीचे पाटील मात्र त्या पोरीवर खूश नव्हते. "हिच्यात वेगळं काय? माझी आजी म्हशीवर बसून बाजाराला जायची. तिच्यावर लिहिली का कोणी कादंबरी?"

"मग तिचं लग्न झालं?"

"झालं ना. आजोबा मागून चालत यायचे."

*

मग आले दामलेकाका. एका कंपनीतले रिटायर्ड ऑफिसर, शिस्तीचे. त्यांची नात मुग्धा हिला बाइक दुरुस्ती शिकायची होती. भाभींच्या दिराने गॅरेजमध्ये जागा ठेवली होती, पण सोमवारी सकाळी आली नाही तर दुसऱ्याला देणार होता. काकांनी घरी सांगितलं होतं, दामल्यांच्या मुली ग्रीसमध्ये हात घालत नाहीत.

रविवारी हेच काका खुर्चीत बसून नायिका होऊन बोलले, "मी चुकले नाही. माझं घर चुकलं. माझ्यासारखी पोर घराघरात हवी." टाळ्या पडल्या.

मागून मुग्धाने हात वर केला. "एक विचारू का गं?"

आजोबांना गं!

"विचार," काका म्हणाले.

"तुला गाड्या दुरुस्त करायला शिकायचंय. उद्या सकाळी गॅरेजवाला वाट बघणारे. आजोबा नको म्हणतात. काय करशील?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पाटील हळूच म्हणाले, "काका, खुर्चीत आहात."

"आजोबा सकाळी फिरायला जातात," काका खुर्चीच्या हाताकडे बघत म्हणाले. "स्कूटरची किल्ली फ्रिजवर असते."

सोमवारी काका अर्धा तास लवकर फिरायला गेले.

*

आता खोटं कुठलं, तेही सांगून टाकतो. पेरूवर भाभी नव्हत्या. त्यांनी शिडी धरली होती. वर मी होतो.